सेंट्रिंगची फळी कशी वाचवावी?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या तिन्ही ठिकाणी नव्या इमारती उभ्या राहत आहेत. स्लॅब भरण्याआधी खाली फळ्या किंवा प्लायवुड बसवून टेकू देतात. यालाच सेंट्रिंग म्हणतात. काँक्रीट घट्ट झाले की सेंट्रिंग सोडवतात व तेच लाकूड पुढच्या कामावर नेतात. माझे बाबा हे काम करतात. फळ्या त्यांच्या स्वतःच्या आहेत. फळी वाया गेली की नवीन फळीचे पैसे त्यांच्या मजुरीतून जातात. म्हणून त्यांना विचारून मी ही माहिती लिहिली आहे.

1) कापण्याआधी हिशोब करावा.
समजा, फळ्या 10 फुटी आहेत. 6 फुटांचे 4 व 4 फुटांचे 4 तुकडे हवेत. घाईत 4 फळ्यांतून 6 फुटी तुकडे कापले आणि उरलेले ढिगात फेकले, तर 4 फुटी तुकड्यांसाठी आणखी 2 फळ्या लागतात. एकूण 6 झाल्या. पण प्रत्येक फळीतून एक 6 फुटी व एक 4 फुटी तुकडा काढला, तर 4 फळ्यांतच काम होते. बाबा म्हणतात, "आधी कागदावर काप, मंग करवत हातात घे."

2) सोडवताना दांडगाई करू नये.
पहारीने हिसका दिला की फळी चिरते. आधी पाचर ढिली करावी. मात्र टेकू लवकर काढू नयेत, स्लॅब कोसळेल! भारतीय मानक 456 प्रमाणे, साधे सिमेंट असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान 7 दिवस व त्याहून मोठ्या स्लॅबचे 14 दिवस ठेवतात.

3) लाकडाची निगा राखावी.
स्लॅब भरण्याआधी फळीला तेल लावले की काँक्रीट चिकटत नाही. प्लायवुड कापले की कडेला रंग लावावा, म्हणजे पाणी मुरून ते फुगत नाही. पावसाळ्यात थप्पी जमिनीपासून उंच रचून झाकावी.

4) खिळे उपटावेत.
खिळ्याची फळी पायात घुसते. तसे झाले तर लगेच दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

पालकांना विनंती, तेल-रंग लागलेले तुकडे चुलीत घालू नका. तो धूर वाईट असतो. 2016 च्या सरकारी नियमांतही बांधकामावरचे लाकूड विटा-काँक्रीटमध्ये न मिसळता वेगळे ठेवायला सांगितले होते.

मित्रांनो, सोडवा पाहू: फळ्या 12 फुटी आहेत. 7 फुटांचे 3 व 5 फुटांचे 3 तुकडे हवेत. कमीत कमी किती फळ्या लागतील? उत्तर बाईंना सांगा.