गणनेतून आरोग्याकडे : बार्शीच्या कर्करोग संशोधनाचा धडा

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला नातेपुते आणि ईशान्य टोकाला बार्शी. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी धर्मपुरीजवळ जिल्ह्यात प्रवेश करते आणि तिचा या जिल्ह्यातील पहिला मुक्काम नातेपुते येथे पडतो. त्या एका रात्रीसाठी पाण्याचे शुद्धीकरण, स्वच्छता व औषधोपचार यांची तयारी किती आधीपासून करावी लागते, हे तेथील ग्रामस्थांना व कर्मचाऱ्यांना नव्याने सांगावयास नको. रोग येण्यापूर्वीच त्याचा बंदोबस्त करावयाचा, हे त्या तयारीमागील तत्त्व होय. हेच तत्त्व कर्करोगासारख्या दुर्धर व्याधीलाही लागू पडते काय, या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बार्शी येथे, अनेक वर्षांच्या परिश्रमांतून मिळाले आहे.

ग्रामीण भारतातील पहिली नोंदणी

सुप्रसिद्ध अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे १९८१ मध्ये कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ बार्शी येथे कर्करोग रुग्णालय उभे राहिले. या रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणीचे कार्य सुरू झाले. लोकसंख्येवर आधारलेली ही देशातील पहिली ग्रामीण नोंदणी होय. बार्शी तालुका आणि त्यास लागून असलेले, आजच्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुके मिळून ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांचा या कार्यातील वाटा विशेष उल्लेखनीय आहे.

शहरात अशी नोंद करणे तुलनेने सोपे असते. रुग्णालयांची दप्तरे आणि मृत्यूचे दाखले तपासले, की बहुतेक रुग्णांचा माग लागतो. खेड्यात मात्र अनेक रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नसत आणि घरीच झालेल्या मृत्यूचे वैद्यकीय कारण कोठेही लिहिले जात नसे. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी दप्तराची वाट न पाहता गावाची वाट धरली. ते ठराविक काळाने गावोगाव जात, ग्रामस्थांशी बोलत, कर्करोगाची पूर्वलक्षणे समजावून देत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी येण्यास प्रवृत्त करीत.

मोजण्याचाच झाला उपाय

या नोंदणीतून असे दिसून आले, की या भागातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे. अंगावरून पांढरे किंवा लाल जाणे, पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे ही त्याची लक्षणे. परंतु संकोचापोटी स्त्रिया हे दुखणे अंगावर काढीत आणि रोग हाताबाहेर गेल्यावरच उपचारास येत.

गावभेटी वाढल्यानंतर यात फरक पडू लागला. रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. हा निष्कर्ष १९९५ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. केवळ गणनेसाठी सुरू झालेल्या कार्यातून लोकशिक्षण घडले आणि लोकशिक्षणातून उपचाराची संधी वाढली.

एका चाचणीचे सामर्थ्य

लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग गाठता येईल काय, हा पुढचा प्रश्न होता. त्यासाठी मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात एक व्यापक प्रयोग हाती घेण्यात आला. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात समाविष्ट होत्या. गावांचे ५२ समूह पाडून त्यांचे चार गट करण्यात आले. एका गटात रोगास कारणीभूत होणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, तर चौथ्यात नेहमीची आरोग्यव्यवस्था, अशी योजना होती.

सुमारे आठ वर्षांच्या निरीक्षणानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू-चाचणीच्या गटात (३४,१२६ स्त्रिया) १२७ जणींना, तर चौथ्या गटात (३१,४८८ स्त्रिया) ११८ जणींना कर्करोग आढळला. म्हणजे रुग्णसंख्येत फारसा फरक नव्हता. फरक होता तो रोगाच्या अवस्थेत. पुढच्या अवस्थेला गेलेले रुग्ण पहिल्या गटात ३९, तर चौथ्यात ८२ होते. मृत्यू अनुक्रमे ३४ आणि ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन पद्धतींच्या गटांत मृत्यूंत अशी लक्षणीय घट दिसली नाही.

चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणी न देणे योग्य होते काय, असा नैतिक प्रश्न पुढे उपस्थित झाला, हेही नमूद केले पाहिजे. ज्या स्त्रियांच्या सहभागातून जगाला हे ज्ञान लाभले, त्यांचे ऋण त्यामुळे अधिकच वाढते.

आता कर्तव्य आपले

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या रोगाच्या उच्चाटनाचे धोरण जाहीर केले. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ व ४५ पर्यंत दोनदा खात्रीशीर चाचणी आणि ९० टक्के रुग्णांना उपचार, असे त्याचे त्रिविध लक्ष्य आहे. भारतात २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी अपेक्षित आहे.

तथापि, चाचणी गावात आली तरी स्त्री चाचणीपर्यंत आली पाहिजे. तपासणीच्या वयातील स्त्रियांची यादी आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका यांच्या साहाय्याने तयार करणे, शिक्षकांनी पालक मेळाव्यात हा विषय निःसंकोचपणे मांडणे, पंचायत सदस्यांनी प्रथम आपल्या घरातील स्त्रियांना तपासणीस पाठविणे, आणि दोष आढळलेल्या प्रत्येक स्त्रीचे उपचार पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करणे, एवढे तर गावपातळीवर निश्चित करता येईल. लाखो वारकऱ्यांच्या एका मुक्कामाची चोख व्यवस्था ठेवणाऱ्या नातेपुत्यासारख्या गावांना आपल्या माता-भगिनींची ही वारी अवघड वाटू नये.