अर्ध्या अंशाचे मोल

लाकडात स्क्रू बसविताना तुम्ही पाहिला असेल. त्याला एक फेरा दिला की तो एका आट्याइतका आत सरकतो. विमानाच्या नाकाशी फिरणारा पंखा, म्हणजेच प्रोपेलर, हवेत काहीसे असेच काम करतो. त्याची पाती तिरपी बसविलेली असतात. एका फेऱ्यात ती जितके अंतर पुढे जाऊ पाहतात, त्यास ‘पिच’ म्हणतात. पात्याचा कोन वाढला की पिच वाढतो. हवा मात्र लाकडासारखी घट्ट नाही. ती मागे निसटते. म्हणून विमान प्रत्यक्षात थोडे कमीच पुढे सरकते.

अमेरिकेतील राइट बंधूंनी १९०३ साली आपले यांत्रिक विमान उडविले. पंख्याचे पाते म्हणजे गोल फिरणारा विमानाचा पंखच होय, हे त्यांनी आधीच ओळखले होते. त्यांनी लाकूड तासून पंखे घडविले. त्यांच्या पात्यांचा कोन कायमचा ठरलेला होता.

पण एकच कोन सर्व कामांस पुरत नाही. घाट चढताना मोटारचालक खालचा गिअर घालतो आणि सपाटीवर वरचा. तसेच येथे आहे. लहान कोन असला की इंजिन वेगाने फिरते व विमान जोमाने वर चढते. परंतु सरळ प्रवासात इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जाऊ लागतात. मोठा कोन दूरच्या प्रवासास सोयीचा. परंतु उड्डाणाच्या वेळी इंजिन दबते आणि विमान धावपट्टीवर रेंगाळते. १९३३ साली बोइंग २४७ या प्रवासी विमानास हीच अडचण आली. तेव्हा फ्रँक कॉल्डवेल या अभियंत्याने तयार केलेला, उडत असतानाच कोन बदलता येणारा पंखा त्यास बसविण्यात आला. त्यामुळे उड्डाणापूर्वीची धाव सुमारे एकपंचमांशाने कमी झाली.

असा पंखा जड व महाग असतो. म्हणून स्वतःच्या हातांनी लहान विमान बांधणारे अनेक हौशी लोक दुसरा पंखा वापरतात. त्याचा कोन विमान जमिनीवर उभे असतानाच बदलता येतो.

हे काम मोठ्या सावधपणाने करावे लागते. प्रथम इंजिन बंद करून चाकांना ठोकळे लावतात. पुष्कळ इंजिनांत ठिणगी मॅग्नेटोपासून मिळते. त्याची एखादी तार तुटली असेल, तर बटण बंद असूनही हाताने फिरविलेला पंखा अकस्मात उसळू शकतो. म्हणून स्पार्क प्लगच्या ताराही काढून ठेवतात. मग तुंब्यावरील बोल्ट सैल करून एकेक पाते एकाच स्थितीत आणतात आणि तुंब्यापासून सारख्याच अंतरावर कोनमापक धरून त्याचा कोन मोजतात. सर्व पात्यांचा कोन सारखाच हवा. एका पात्याचा कोन वेगळा राहिला, तर ओढ असमान होते, विमान थरथरते आणि इंजिनाच्या आधारांस इजा पोहोचते. शेवटी, निर्मात्याने सांगितलेल्या जोराइतकेच बोल्ट आवळतात.

यानंतर तारा पुन्हा जोडतात, विमान घट्ट बांधतात आणि इंजिन पूर्ण शक्तीने चालवून फेरे मोजतात. काही लहान इंजिनांची मर्यादा मिनिटास ५,८०० फेऱ्यांची असते. फेरे फार वाढले तर कोन किंचित वाढवितात, फार कमी पडले तर घटवितात. हा बदल बहुधा अर्ध्या अंशाचाच असतो. पुन्हा मोजणी, पुन्हा चाचणी! पहिल्या उड्डाणानंतर बोल्ट पुन्हा तपासले जातात.

अर्धा अंश डोळ्यांना दिसतही नाही. परंतु धावपट्टीच्या टोकाशी झाडे उभी असतात, तेव्हा विमान त्यांच्यावरून जाईल की नाही, हे त्यावर ठरू शकते. “चालेल एवढे” असे म्हणणाऱ्यास आकाश क्षमा करीत नाही. जो कारागीर दुसऱ्यांदा मोजण्याचा कंटाळा करीत नाही, त्याच्याच हातचे यंत्र विश्वासास पात्र ठरते.

अभ्यास

१. ‘पिच’ म्हणजे काय, ते स्क्रूच्या उदाहरणाने सांगा.
२. लहान आणि मोठ्या कोनाचे फायदे-तोटे लिहा.
३. स्पार्क प्लगच्या तारा का काढून ठेवतात?
४. ‘चालेल एवढे’ या वृत्तीमुळे होणाऱ्या हानीचे तुमच्या पाहण्यातील एक उदाहरण द्या.