रात्रीचा भोंगा आणि कीपॅडचा संकेतांक

प्रश्न : घरात कीपॅडवर चालणारी अलार्म यंत्रणा नुकतीच बसवली असून रात्री कोणी पाणी प्यायला उठले तरी भोंगा वाजतो. ती कशी लावावी आणि संकेतांक कसा निवडावा?

उत्तर : बहुतेक यंत्रणांत पहारा दोन प्रकारे लावता येतो : घर रिकामे असतानाचा ‘अवे’, ज्यात दारे-खिडक्यांवरील चुंबकीय सेन्सरबरोबर खोल्यांतील हालचाल टिपणारे सेन्सरही जागे राहतात, आणि माणसे घरात असतानाचा ‘स्टे’, ज्यात आतील हालचालींकडे दुर्लक्ष करून केवळ दारे-खिडक्यांवर लक्ष ठेवले जाते. प्रश्नातील लक्षण पाहता रात्रीही पहिलाच प्रकार लावला जात असावा. मुख्य दाराला मात्र मुदत, म्हणजे आत येऊन संकेतांक दाबण्यापुरते काही सेकंद, द्यावी लागते. म्हणून कीपॅड त्या दाराजवळ, पण बाहेरून दिसणार नाही असा बसवावा.

कारखान्यातून आलेला संकेतांक पहिल्याच दिवशी बदलावा. चार अंकांच्या १०,००० जुळण्या शक्य असल्या, तरी रोजच्या वापराने चार कळा झिजलेल्या दिसल्या की चोरासमोर २४ च पर्याय उरतात. गंमत अशी की, एक अंक दोनदा वापरून तीनच कळा झिजल्या, तर ते ३६ होतात. घरकामाच्या मदतनीसांना वेगळा संकेतांक द्यावा, म्हणजे काम सुटल्यावर तेवढाच रद्द करता येतो. वीज गेल्यावर यंत्रणा बॅटरीवर चालत असल्याने मुख्य पुरवठा बंद करून तिची अधूनमधून चाचणी घ्यावी.