शेगडीच्या लाकडाची गिटार

इंग्लंडमध्ये थंडी फार. पूर्वी तेथील घराघरांतून भिंतीतच शेगडी बांधलेली असे. तिच्याभोवती लाकडाची चौकट आणि वर एक जाड फळी बसवीत. घड्याळ, चिनी मातीची भांडी, घरातील माणसांच्या तसबिरी यांची ती हक्काची जागा. पुढे घर उबदार ठेवण्याची नवी साधने आली आणि या शेगड्या एकामागून एक निघू लागल्या. लंडनजवळच्या फेल्टम गावी राहणाऱ्या मे कुटुंबाच्या एका स्नेह्याकडे अशीच एक जुनी चौकट टाकून देण्यासाठी काढली होती. लाकूड महॉगनीचे, शंभराहून अधिक वर्षांचे, एकदोन ठिकाणी किडीने पोखरलेले. ते टाकून देण्याच्याच लायकीचे आहे, असे कोणीही म्हटले असते. परंतु मे यांच्या सोळा वर्षांच्या मुलाने, ब्रायनने, ते मागून घेतले. त्याला गिटार करावयाची होती.

ही गोष्ट १९६३ सालची. त्या काळी इंग्लंडमधील मुलांना विजेच्या गिटारीने वेड लावले होते. दुकानाच्या काचेआड टांगलेल्या अमेरिकन गिटारी ब्रायन रोज पाही. पण त्यांची किंमत ऐकली की मान खाली घालून परत येई. त्याचे वडील हॅरल्ड मे हे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. घरातील दूरचित्रवाणीचा संचसुद्धा त्यांनी स्वतः जुळविला होता. विकत घेणे परवडत नाही, तर घरीच करू, असे बापलेकांनी ठरविले. घरातल्या एका खोलीत कारखाना थाटला गेला. कारखाना कसला! करवत, कानस, पटाशी, काचकागद आणि एक साधा चाकू एवढीच सामग्री. यंत्र असे एकही नव्हते.

विजेची गिटार वाजते कशी, हे येथे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. सतारीचा आवाज भोपळ्यात घुमून मोठा होतो. विजेच्या गिटारीला भोपळा नसतो. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. तार छेडली की चुंबकाच्या क्षेत्रात हालचाल होते, वेढ्यांतून विजेचा क्षीण प्रवाह वाहू लागतो आणि तो प्रवाह ध्वनिवर्धकात मोठा होऊन कर्ण्यातून नाद बाहेर पडतो. चुंबक आणि वेढे यांच्या या जोडीला पिकअप म्हणतात. तेव्हा अशा गिटारीत लाकूड महत्त्वाचे नाही, असे कोणास वाटेल. पण तारांचा ताण मोठा असतो. तो वर्षानुवर्षे सोसूनही वाकणार नाही अशी मान हवी. आणि त्यासाठी पुष्कळ वर्षे मुरलेले, पूर्ण वाळलेले लाकूडच लागते. शेगडीची ती फळी नेमकी तशी होती.

ब्रायनने ती फळी चाकूने आणि काचकागदाने घासून घासून तिला मानेचा आकार दिला. किडीच्या भोकांत काडेपेटीतील काड्या ठोकून ती बुजविली. मानेवर पडदे बसविले आणि त्यांच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्या घासून गोल टिकल्या केल्या. धडासाठी एका जुन्या टेबलाचे ओक लाकूड आणि ब्लॉकबोर्ड घेतला. आत मुद्दाम पोकळ जागा ठेवल्या. कारण कर्ण्यातून निघालेला नाद पुन्हा गिटारीला भिडावा आणि तार आपोआप गुंजत राहावी, असा आवाज त्याला हवा होता. तारा क्षणभर ढिल्या करून सूर लववता यावा, यासाठी एक दांडी लागते. ती दांडी सायकलच्या पिशवीच्या आधारापासून केली आणि तिच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचे टोक बसविले. दांडीने ढिल्या झालेल्या तारा पुन्हा जागेवर ओढून आणण्याचे काम एका जुन्या मोटारसायकलच्या दोन स्प्रिंगांकडे सोपविले. या घरात टाकाऊ म्हणून काही उरले असेल काय, असा प्रश्न पडतो!

पिकअपही त्याने घरीच केले. परंतु ते साधले नाहीत. तार आडवी ओढली की आवाज मध्येच चमत्कारिक होई. तेव्हा मात्र हट्ट न धरता त्याने तीन पिकअप विकत आणले. प्रत्येकासाठी दोन-दोन कळा बसविल्या. शेवटी सगळ्या धडावर महॉगनीचा पातळ पापुद्रा चिकटविला आणि त्यावर पारदर्शक लेपाचे हात दिले. लेप वाळला तेव्हा लाकडाला तांबूस झळाळी आली. कामाला सुमारे दोन वर्षे लागली होती.

याच गिटारीने पुढे बापलेकांत अंतर पाडले, हे ऐकून नवल वाटेल. ब्रायन खगोलशास्त्राचे संशोधन करीत होता. ते अर्धवट सोडून तो वादक झाला, ही गोष्ट वडिलांच्या मनाला फार लागली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या त्याच्या वाद्यवृंदाचे नाव क्वीन. त्याचा प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी हा पारशी घराण्यातला; आपल्या पाचगणीच्या शाळेत तो लहानपणी शिकला होता. न्यूयॉर्कमध्ये हजारोंच्या समुदायापुढे मुलाला वाजविताना पाहिले, तेव्हा कुठे वडिलांचा राग मावळला. ब्रायननेही ते सोडलेले संशोधन विसरून दिले नाही. २००७ साली, साठीच्या उंबरठ्यावर, त्याने ते पुरे केले. पण ते पाहण्यास वडील नव्हते. १९८८ सालीच ते वारले होते.

तोवर गिटार जुनी झाली होती. देशोदेशींचे कार्यक्रम, प्रवास, धक्के, घाम यांनी तिचा लेप झिजला होता आणि पापुद्रा जागोजागी उडाला होता. त्यात ब्रायन मे नखीऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरीत. त्या नाण्याची दातेरी कड पुन्हा पुन्हा लाकडाला लागली, तर काय होईल हे सांगावयास नको. दुरुस्ती टाळणे आता शक्य नव्हते.

जुनी गिटार दुरुस्त करणे हे नवी करण्याहून अवघड काम आहे. घरच्या कारखान्यात असा छंद करणारे कितीतरी लोक आहेत. त्यांतला नवशिका पहिली चूक करतो ती ही, की जुने रोगण काचकागदाने साफ खरवडून वाद्याला नव्यासारखे चकचकीत करतो. मग कळते की मूळ रोगण एकदा गेले ते गेलेच. आणि अशा चकचकीत गिटारीला जाणते लोक कमी मोल देतात. अमेरिकेत १९५० च्या सुमारास झालेल्या अनेक गिटारींवर नायट्रोसेल्युलोजचे पातळ रोगण असे. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते, त्याबरोबर रोगणाला केसासारख्या बारीक चिरा जातात. त्या चिरा म्हणजे दोष नव्हे. ती त्या वाद्याची वयाची खूण होय. म्हणून अनुभवी कारागीर प्रथम हत्यार उचलीत नाही. तो नुसता पाहतो. कोणता भाग मूळचा, कोणता मागाहूनचा, कोठे केवळ मळ आहे, कोठे लाकूडच गेले आहे, हे ठरविण्यात त्याचे दिवस जातात.

ब्रायन मे यांच्या गिटारीचे काम तर अधिकच नाजूक. मूळ गिटार अशी ती एकच, आणि तिच्यावर वडिलांचा हात फिरलेला. १९९८ साली हे काम ऑस्ट्रेलियातील गिटारकार ग्रेग फ्रायर यांच्या हाती आले. त्यांची तयारी आधीपासूनची होती. मूळ गिटारीची बारकाईने मोजमापे घेऊन त्यांनी तिच्यासारख्या तीन गिटारी पूर्वीच घडविल्या होत्या. हात चुकावयाचा असेल तर तो नकलेवर चुको!

फ्रायर यांनी सगळा पापुद्रा काढून नवा लावला असता, तर काम सोपे झाले असते आणि गिटार दिसावयासही अधिक देखणी झाली असती. तसे त्यांनी केले नाही. जेथे पापुद्रा गेला होता, तेथेच मूळच्याशी मिळत्याजुळत्या महॉगनीची ठिगळे बसविली. असे ठिगळ बसविताना रंग जुळून चालत नाही. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने धावतात, त्याच दिशेने त्या ठिगळातही धावाव्या लागतात. नंतर मूळच्या गिटारीवर होता त्याच प्रकारच्या लेपाचे हात दिले. मान बदलली नाही.

३ जून २००२ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावर उभे राहून ब्रायन मे यांनी याच गिटारीवर इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजविले. खाली लोकांचा सागर पसरला होता. इतक्या दुरून कोणालाही काही दिसले नसते. पण गिटार जवळ घेऊन प्रकाशात तिरपी धरली, म्हणजे ठिगळांच्या कडा आणि लाकडाच्या किंचित निराळ्या रेषा आजही दिसतात.