पैलतीरावरची हाक

महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेस, जेथे मराठी मुलखाची सीमा छत्तीसगड आणि तेलंगणा या राज्यांना भिडते, तेथे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन अरण्यमय जिल्हे पसरलेले आहेत. २६ ऑगस्ट १९८२ पूर्वी हा सारा प्रदेश चंद्रपूर या एकाच जिल्ह्यात मोडत असे. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांची ही दाट वने म्हणजे या भूमीचे वैभव होय. परंतु ज्या वनराजीने येथील माणसांना अन्न, आसरा आणि आनंद दिला, तिनेच त्यांना बाहेरच्या जगापासून दूरही ठेवले. गडचिरोलीहून भामरागडला सडकेने जावयाचे तर सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांचा प्रवास घडतो. त्यातही अनेक पाडे मुख्य सडकेपासून कित्येक कोस आत, पाऊलवाटेच्या टोकाशी वसलेले असतात.

भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. उन्हाळ्यात हे दृश्य मोठे रम्य असते. स्वच्छ वाळू, शांत प्रवाह आणि काठाकाठाने उभी असलेली वनश्री पाहून प्रवाशाचे मन निवते. पण आषाढ-श्रावणात याच नद्या रौद्र रूप धारण करतात. पर्लकोटेचे पाणी पुलावरून वाहू लागले की आलापल्लीचा रस्ता बंद होतो आणि भामरागड हे जणू एक बेट बनते. अशा वेळी निरोगी माणूस घरी थांबून पूर ओसरण्याची वाट पाहू शकतो. आजार मात्र वाट पाहत नाही. सर्पाचे विष नदी उतरेपर्यंत थांबत नाही, आणि बाळाच्या जन्माची घटकाही कोणाला पुढे ढकलता येत नाही.

अशा प्रसंगी गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच उपाय केला. खाटेला बांबू बांधावयाचे, रोग्याला तिच्यावर निजवावयाचे आणि चौघांनी ती खांद्यावर घेऊन चालावयाचे. वाटेत नाला लागला तर छातीएवढ्या पाण्यातून खाट डोक्यावर धरून न्यावयाची, नदी लागली तर डोंग्यात बसवावयाची. कित्येक रोगी अशा रीतीने वाचले. कित्येकांना मात्र पैलतीर दिसत असूनही गाठता आला नाही.

२०२४ सालच्या जुलै महिन्यात भामरागडला असाच पुराचा वेढा पडला होता. तेथील ग्रामीण रुग्णालयात एक स्त्री नुकतीच प्रसूत झाली होती. तिच्या अंगात रक्त कमी होते व ते तातडीने देणे अवश्य होते. रुग्णालयात डॉक्टर होते, परिचारिका होत्या. नव्हते ते पुरेसे रक्त. ते होते गडचिरोलीला, आणि मध्ये पुराचे पाणी होते. अखेर पोलीस दलाच्या हेलिकॉप्टरमधून रक्ताची पिशवी भामरागडला पोहोचविण्यात आली. सरळ रेषेत मोजले तर हे अंतर सुमारे शंभर किलोमीटरच भरते. ज्या वाटेने पुराच्या दिवसांत काही केल्या जाता येत नव्हते, ती वाट आकाशातून अर्ध्या तासाच्या आसपास सरते.

या घटनेत हेलिकॉप्टर सर्वांच्या डोळ्यांत भरते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु क्षणभर थांबून विचार केला तर तिची दुसरी बाजू ध्यानात येते. त्या स्त्रीला रक्ताची गरज आहे हे ओळखणारा डॉक्टर पुराच्या वेढ्यात तेथेच राहिला होता. तिचा रक्तगट तपासलेला होता. दूर गडचिरोलीत कोणा अनोळखी माणसाने आपले रक्त दान केले होते, आणि ते योग्य थंडाव्यात जपून ठेवलेले होते. निरोप जाण्यास साधन होते व तो ऐकून निर्णय घेणारा अधिकारी जागा होता. यांपैकी एक दुवा जरी निखळला असता, तरी ते यान आकाशात उडूनही काही उपयोग नव्हता.

हाच धडा जगातील एका फार जुन्या घटनेतूनही मिळतो. १९१७ साली ऑस्ट्रेलियाच्या ओसाड वायव्य भागात जिमी डार्सी नावाचा एक तरुण गुराखी घोड्यावरून पडून गंभीर जखमी झाला. जवळपास कोठेही डॉक्टर नव्हता. हॉल्स क्रीक या गावच्या पोस्टमास्तराने पर्थ शहरातील एका डॉक्टरला तारेने वर्तमान कळविले, आणि तारेनेच येणाऱ्या सूचना वाचीत, साध्या चाकूने त्या तरुणावर शस्त्रक्रिया केली. इकडे डॉक्टर बोट, मोटार आणि घोडा अशा मिळेल त्या वाहनाने निघाला. पण तो हॉल्स क्रीकला पोहोचला, त्याच्या आदल्याच दिवशी डार्सीने प्राण सोडला होता.

या घटनेने जॉन फ्लिन नावाच्या धर्मोपदेशकाला अस्वस्थ केले. डॉक्टरला विमानातून रोग्याकडे नेता आले तर, हा विचार त्याच्या मनात दृढ होत गेला. दहा-अकरा वर्षे त्याने खटपट केली, निधी जमविला आणि १७ मे १९२८ रोजी क्लोन्करी या गावाहून पहिला ‘उडता डॉक्टर’ रोग्याकडे निघाला. तथापि लवकरच एक अडचण उघड झाली. विमान सज्ज असले तरी दूरच्या वस्तीवरील माणसाने डॉक्टरला हाक मारावी कशी? तेथे ना तार, ना वीज. तेव्हा आल्फ्रेड ट्रेगर या कुशल तंत्रज्ञाने १९२९ साली पायांनी चालवावयाचे बिनतारी यंत्र तयार केले. सायकलप्रमाणे पावटे फिरवावयाचे आणि त्या विजेवर संदेश पाठवावयाचा. या यंत्रामुळे निर्जन वस्तीची हाक प्रथमच डॉक्टरच्या कानी पोहोचू लागली.

विमानाला लांब धावपट्टी लागते. अरण्यात ती मिळावी कोठून? ही अडचण हेलिकॉप्टरने दूर केली. ते जागच्या जागी वर उठते, हवेत स्थिर राहू शकते आणि छोट्याशा मोकळ्या जागेत उतरते. १९४४ सालच्या एप्रिलमध्ये, दुसरे महायुद्ध चालू असता, ब्रह्मदेशाच्या जंगलात अडकून पडलेल्या एका वैमानिकाला व तीन जखमी सैनिकांना कार्टर हर्मन या अमेरिकन अधिकाऱ्याने हेलिकॉप्टरने बाहेर काढले. ते यान इतके दुबळे होते की एका खेपेस एकच माणूस नेता येई. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘रेगा’ ही हवाई बचाव संस्था स्थापन झाली. नफा हे तिचे ध्येय नाही. लक्षावधी सामान्य नागरिक दरवर्षी तिला वर्गणी देतात, आणि त्यातून तिचा मोठा भार उचलला जातो.

वर्गणीची ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हेलिकॉप्टर उडते तेव्हाच त्याला खर्च येतो, असे नाही. ते उडण्याची वेळ केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे वैमानिक, यंत्रज्ञ आणि डॉक्टर यांना रोजच सज्ज राहावे लागते. ठरावीक तास उड्डाण झाले की यंत्राचे भाग तपासावे व बदलावे लागतात. एवढा खर्च अरण्यातील रोग्याने द्यावा, ही अपेक्षा करणेच अयोग्य होय. तो समाजाने मिळून, शासनाच्या अथवा सेवाभावी संस्थेच्या द्वारे, आधीच उचलून ठेवावा लागतो. गावाची विहीर जशी सर्वांनी मिळून खणावयाची असते, तसेच हेही आहे.

शिवाय या वाहनालाही मर्यादा आहेत. ज्या पावसाळ्यात त्याची गरज सर्वांत अधिक, त्याच पावसाळ्यात ढग खाली उतरतात, डोंगर आणि झाडांचे शेंडे दिसेनासे होतात आणि वैमानिकाला थांबावे लागते. अनोळखी रानात रात्री उतरणे तर फारच धोक्याचे. उतरण्यासाठी झाडे, तारा व सैल वस्तू नसलेली सपाट जागा लागते. भोवती जमलेल्या लोकांना दूर ठेवावे लागते, कारण शेपटीकडचा फिरता पंखा वेगामुळे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हेलिकॉप्टरजवळ जाणाऱ्याने वैमानिकाची खूण झाल्यावरच, वाकून, त्याच्या नजरेसमोरून जावे, मागून कधीही जाऊ नये, असा नियम आहे. ऋषिकेश येथील एम्स या संस्थेने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रोग्यांसाठी हेलिकॉप्टर सेवा सुरू केली. पुढील वर्षीच्या मे महिन्यात ते यान केदारनाथजवळ उतरताना अपघातात सापडले. सुदैवाने आतील माणसे बचावली. मदतीस धावणाऱ्यालाही संकट चुकत नाही, हेच यावरून दिसते.

मग ढग दाटले आणि यान उडालेच नाही, तर रोग्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर आकाशात नाही. ते जमिनीवर, आणि याच अरण्यात सापडते.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळच्या हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे व स्नुषा डॉ. मंदाकिनी आमटे यांनी ते निबिड अरण्य हेच आपले कार्यक्षेत्र मानले. त्या वेळी तेथे वीज नव्हती आणि धड रस्ताही नव्हता. पावसाळ्यात महिनोन्‌महिने जगाशी संबंध तुटे. माडिया लोकांची भाषा डॉक्टरांना येत नव्हती, आणि डॉक्टरांच्या औषधावर त्या लोकांचा भरवसा नव्हता. डॉक्टरांनी प्रथम ती भाषा आत्मसात केली. हळूहळू विश्वास वाढला आणि दूरदूरच्या पाड्यांवरून रोगी चालत येऊ लागले. तेथे साधने तुटपुंजी होती, पण डॉक्टर मात्र पुराच्या अलीकडे नव्हते. ते रोग्याच्या काठावर राहावयास गेले होते.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे कार्य आरंभिले. खेड्यांत नवजात अर्भके मोठ्या संख्येने दगावत असल्याचे त्यांना दिसून आले. इस्पितळ दूर, आणि बाळंतीण घराबाहेर पडत नसे. तेव्हा त्यांनी गावातल्याच स्त्रियांना शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, घड्याळ लावून त्याचे श्वास मोजणे, न्यूमोनियाची लक्षणे ओळखणे आणि वेळीच औषध देणे हे सर्व त्या शिकल्या. त्यांना ‘आरोग्यदूत’ असे सार्थ नाव मिळाले. या प्रयोगामुळे त्या गावांतील नवजात अर्भकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हा वृत्तान्त ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ पासून भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांच्या द्वारे नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची योजना देशभर अंगीकारली.

तिसरा उपाय तर नावापासूनच गोड आहे. दुर्गम भागातील काही आरोग्यकेंद्रांजवळ ‘माहेरघर’ उभारण्यात आले. प्रसूतीचे दिवस जवळ आले की गर्भवतीने आपल्या एखाद्या जिवलगासह तेथे येऊन राहावयाचे. नदीला पूर येण्यापूर्वीच ती अलीकडच्या तीरावर पोहोचलेली असते. मग खाट उचलण्याचा प्रसंगही येत नाही आणि हेलिकॉप्टरची वाटही पाहावी लागत नाही.

याचा अर्थ हेलिकॉप्टर निरुपयोगी आहे, असा मुळीच नव्हे. सारे प्रयत्न करूनही एखादा प्रसंग असा येतोच की जमिनीवरची प्रत्येक वाट खुंटते. त्या घटकेला आकाशातून येणारा तो घरघराट म्हणजे साक्षात जीवनाचा संदेश असतो. परंतु तो ऐकू यावयास आधी कोणीतरी पाड्यावर रोगाची लक्षणे ओळखलेली असावी लागतात, कोणीतरी रात्र जागवून रोग्याला जगवलेले असावे लागते, आणि कोणीतरी हाक मारलेली असावी लागते.

पर्लकोटेला पुन्हा पूर येईल. तेव्हा एखाद्या पाड्यात चिमणीच्या उजेडात एक आशा कार्यकर्ती नवजात बाळाच्या छातीकडे पाहत, हातातल्या घड्याळावर त्याचे श्वास मोजीत बसलेली असेल. तिने वेळीच दिलेली हाक पैलतीरावर ऐकली जावी, एवढीच व्यवस्था उभी करणे हे साऱ्या समाजाचे कर्तव्य होय.

शब्दार्थ

वनराजी – झाडांची दाट रांग, अरण्य. पाडा – आदिवासींची लहान वस्ती. डोंगा – झाडाचे खोड कोरून केलेली होडी. पावटे – पाय ठेवून फिरवावयाचे दांडे. निबिड – अत्यंत दाट. स्नुषा – सून. आत्मसात करणे – पूर्णपणे शिकून आपलेसे करणे. सार्थ – अर्थास शोभेल असे.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) पावसाळ्यात भामरागड हे बेटासारखे का होते?
(आ) जिमी डार्सीच्या घटनेतून जॉन फ्लिन यांना कोणती प्रेरणा मिळाली?
(इ) ‘माहेरघर’ कशासाठी उभारले जाते?

२. ‘यांपैकी एक दुवा जरी निखळला असता, तरी ते यान आकाशात उडूनही काही उपयोग नव्हता.’ या विधानातील ‘दुवे’ कोणते, ते क्रमाने सांगा.

३. हेलिकॉप्टर सेवेची तुलना गावाच्या विहिरीशी का केली आहे? चार-पाच वाक्यांत लिहा.

४. विग्रह करून समास ओळखा : आषाढ-श्रावण, महायुद्ध, आरोग्यकेंद्र.

५. आपल्या गावापासून जवळच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता दाखविणारा नकाशा काढा. पावसाळ्यात त्या रस्त्यावर कोणत्या अडचणी येतात, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवून वहीत लिहा.