दंतोपचारातील गुंगी : रुग्णाने काय जाणून घ्यावे

दाढ दुखू लागली की पहिला आधार लवंगेच्या तेलाचा, दुसरा मिश्रीचा, आणि दंतवैद्याची आठवण होते ती गाल सुजल्यानंतर. या दिरंगाईच्या मुळाशी खर्चाइतकीच भीतीही असते. सुईची भीती, दात कोरणाऱ्या यंत्राच्या आवाजाची भीती, आणि वरची दाढ काढल्यास दृष्टी अधू होते या सर्वस्वी निराधार समजुतीतून आलेली भीती. ती कमी करून उपचार सुकर करण्याचे एक साधन म्हणजे गुंगीचे औषध. त्याविषयी दोन टोकांचे गैरसमज आढळतात. काहींना ते जीवघेणे वाटते, तर काहींना डोकेदुखीच्या गोळीइतके किरकोळ. यांपैकी दुसरा गैरसमज अधिक घातक होय.

बधिरता, गुंगी आणि भूल

दाढेजवळ टोचली जाणारी सुई, बहुधा लिग्नोकेनची, तेवढाच भाग बधिर करते. रुग्ण पूर्ण जागा असतो. संपूर्ण भुलीत शुद्ध हरपते आणि श्वसनाची जबाबदारी भूलतज्ज्ञाला घ्यावी लागते. गुंगी ही या दोहोंमधली अवस्था. रुग्ण निवांत, काहीसा पेंगलेला असतो. परंतु हाक मारताच ओ देतो, सांगितल्यावर तोंड उघडतो आणि श्वास स्वतः घेतो. गुंगी भीती घालवते, वेदना नव्हे. त्यामुळे बधिरतेची सुई टळत नाही. तिची धास्ती मात्र उरत नाही.

दात भरणे किंवा साधी दाढ काढणे यांसाठी बहुतेकांना सुई पुरेशी असते. हाडात रुतलेली अक्कलदाढ, लांबणारी शस्त्रक्रिया, अतिशय भित्रे रुग्ण, लहान मुले, बौद्धिक दिव्यांग व्यक्ती, तसेच तोंडात काही घालताच उमासे येणारे रुग्ण यांच्या बाबतीत गुंगीचा विचार केला जातो.

वेदनारहित शस्त्रक्रियेचा पायाच मुळी दंतवैद्यांनी घातला. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साईड, म्हणजे हास्यवायू, हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. पुढच्याच महिन्यात बॉस्टन येथे त्यांनी केलेले प्रात्यक्षिक मात्र फसले. रुग्ण ओरडला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्यांचे पूर्वीचे भागीदार विल्यम मॉर्टन यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच शहरात ईथरचा यशस्वी प्रयोग करून दाखविला.

हास्यवायू आजही वापरात आहे, परंतु तो भरपूर प्राणवायूत मिसळून नाकावरील मुखवट्यातून दिला जातो. उपचार संपल्यावर काही मिनिटे शुद्ध प्राणवायू दिला की त्याचा अंमल उतरतो. सर्दीने नाक चोंदलेले असल्यास तो नीट पोचत नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो टाळतात. शरीरात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असल्यासही तो त्रासदायक ठरू शकतो. आपल्याकडील शाकाहारी लोकांत ही कमतरता पुष्कळ आढळते, हे ध्यानी घ्यावे. दुसरा मार्ग तोंडाने किंवा शिरेतून दिल्या जाणाऱ्या मिडाझोलामसारख्या औषधांचा. त्यांचा अंमल अधिक काळ टिकतो आणि उपचाराच्या वेळचे पुष्कळसे आठवतही नाही.

आधी सांगावयाच्या गोष्टी

या औषधांचा मुख्य धोका म्हणजे श्वसन मंदावणे. गुंगी कधी कधी अपेक्षेपेक्षा खोल जाते. म्हणून रुग्णाची माहिती लपून राहता कामा नये. दमा, हृदयविकार, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे विकार, पूर्वी भुलीने झालेला त्रास, औषधांची ॲलर्जी हे सारे सांगावे. झोपेत मोठ्याने घोरणे व मध्येच श्वास अडकणे ही चेष्टेची बाब समजली जाते, पण दंतवैद्याच्या दृष्टीने ती अत्यंत महत्त्वाची असते. झोपेच्या, फिट्सच्या व मानसिक आजाराच्या गोळ्या आणि वैदूचे औषधही सांगावे. धीर यावा म्हणून घोटभर दारू घेऊन येणे तर सर्वांत वाईट. दारू आणि गुंगीचे औषध मिळून श्वास थांबू शकतो.

पोटातील अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून उपाशीपोटी येण्यास सांगतात. सामान्यतः हलका आहार सहा तास आधी व साधे पाणी दोन तास आधी थांबवावे लागते. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. त्यालाही सहा तासांचाच नियम. मधुमेही रुग्णाने इन्शुलिनची मात्रा आधी विचारून घ्यावी. रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

रुग्णानेही निःसंकोचपणे विचारावे. गुंगी कोण देणार? दात काढणाऱ्या व्यक्तीव्यतिरिक्त नाडी, श्वास आणि रक्तातील प्राणवायू यांवर लक्ष ठेवणारी वेगळी व्यक्ती असेल काय? प्राणवायूची टाकी व तातडीची औषधे हाताशी आहेत काय? असे प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. न वाचता संमतिपत्रावर सही करण्याची खोड मात्र सोडावी. उपचाराची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच खरी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे. औषध चढल्यानंतर घेतलेल्या सहीला अर्थ नाही.

घरी परतल्यावर

गोळी अथवा शिरेतून औषध दिले असल्यास सोबत जाणते माणूस हवेच. चोवीस तास मोटारसायकल, ट्रॅक्टर, मळणीयंत्र यांपासून दूर राहावे आणि विहिरीच्या काठी जाऊ नये. रुग्ण वरकरणी पूर्ण सावध दिसतो, पण त्याचा निर्णय पक्का नसतो. म्हणून त्या दिवशी खरेदीखत, कर्जरोखा, पंचायतीचा धनादेश किंवा ठराव यांवर सही करू नये.

मुलांना वजनाप्रमाणे मोजून औषध दिले जाते. ते घरून पाजून आणणे धोक्याचे. परतताना झोपलेल्या मुलाची मान छातीवर कलंडू देऊ नये, त्यामुळे श्वासमार्ग दबतो. बधिर ओठ मुले चावून घेतात, तेव्हा बधिरता उतरेपर्यंत खाऊ देऊ नये. त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवू नये, आणि आले असल्यास शिक्षकांनी त्याला मैदानावर सोडू नये. हाका मारूनही रुग्ण जागा होत नसेल, श्वास घरघरत असेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर त्याला कुशीवर वळवून ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.