जुनं क्रेडिट कार्ड: ठेवायचं की बंद करायचं?



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांना फिरताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आला. "मॅडम, बँकेचं एक जुनं कार्ड हाय माझ्याकडं. त्याला व्याज लई हाय म्हणतेत. बंद करून टाकू का?" कुणी ते मुलाच्या ॲडमिशनच्या वेळी घेतलेलं असतं, कुणाला खातं काढताना "फुकट आहे, घ्या" म्हणून दिलेलं असतं, तर कुणाच्या नावावरचं कार्ड दीर तिकडे पुण्यात वापरत असतो. आणि बैठकीतलं उत्तर ठरलेलं असतं: काप कात्रीनं आणि हो मोकळी. हे उत्तर निम्मंच बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यात आपले पैसे अडकतात, म्हणून या अंकात तेवढंच समजून घेऊ.

आधी एक गोंधळ मिटवू. आपल्याकडे "कार्डाचं कर्ज" म्हटलं की बऱ्याच जणींच्या डोळ्यापुढे किसान क्रेडिट कार्ड येतं. ते वेगळं. किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झालं, ते पीककर्जासाठी आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला वर्षाला ७ टक्के व्याज लागतं आणि वेळेत भरलं तर त्यातही ३ टक्के सूट मिळते. सोयाबीन-तुरीसाठी घेतलेलं हे कर्ज स्वस्त आहे. हा लेख वाचून घरातलं किसान कार्ड बंद करायला कुणी जाऊ नका! आपण बोलतोय ते दुकानात घासायच्या, मोबाईलवरून खरेदी करायच्या क्रेडिट कार्डाबद्दल.

या कार्डाचं व्याज किती असतं? बऱ्याच बँकांचं महिन्याला शेकडा साडेतीनच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. गावातल्या सावकाराचा शेकडा तीनचा दर ऐकून आपण कानाला हात लावतो, आणि पाकिटात त्याहून महाग वस्तू घेऊन फिरतो. यावर सरकारी मर्यादा असेल असं काही जणींना वाटतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं खरं, पण २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तेव्हा दर आपोआप खाली येईल याची वाट बघू नका.

मात्र हे व्याज लागतं ते बाकीवर. महिन्याचं बिल आलं आणि दिलेल्या तारखेच्या आत पूर्ण भरलं, तर खरेदीवर एक रुपयाही व्याज लागत नाही. कार्ड नुसतं कपाटात पडून असेल तरी व्याज शून्य. (एटीएममधून कार्डावर रोख काढली तर गोष्ट वेगळी. तिथं पहिल्या दिवसापासून व्याज, वर रोख काढायची फी. ते कधीच करू नका.) म्हणून "व्याज जास्त आहे, बंद करू का?" या एका प्रश्नाचे दोन प्रश्न करायचे. बाकी असेल तर ती कशी फेडायची? आणि बाकी शून्य झाल्यावर खातं ठेवायचं की नाही? दोन्ही एकदम सोडवायला गेलं की घोळ होतो.

बाकीचं गणित

समजा कार्डावर १८,००० रुपये बाकी आहे. बिलावर दोन आकडे असतात, एक पूर्ण रक्कम आणि एक "किमान देय रक्कम". ही किमान रक्कम समजा ५ टक्के, म्हणजे ९०० रुपये. ताई दर महिन्याला इमानदारीने ९०० भरते आणि तिला वाटतं, कर्ज फिटतंय. आता वही-पेन घ्या. १८,००० वर साडेतीन टक्के म्हणजे ६३० रुपये व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११३ रुपये. झाले ७४३. भरलेल्या ९०० मधून मुद्दल फिटलं फक्त १५७ रुपयांचं! शिवाय मागची बाकी असताना त्याच कार्डावर नवीन काही घेतलं, तर त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड लांबत जाते, ही सूचना बिलावर छापलेली असते. ती बारीक अक्षरात असल्याने आपण वाचत नाही, एवढंच.

आता हेच १८,००० गटातून अंतर्गत कर्ज म्हणून घेतले आणि गटाचा दर शेकडा दोन असला तर? महिन्याला १,५०० मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर व्याज. पहिल्या महिन्याला ३६०, दुसऱ्या महिन्याला ३३०, असं उतरत जातं. बारा महिन्यांत एकूण व्याज २,३४० रुपये. कार्डावरच राहून महिन्याला तेवढंच मुद्दल फेडत गेलात, तर व्याज आणि जीएसटी मिळून साधारण ४,८३० रुपये जातील. गटाचा दर शेकडा एक असेल तर फक्त १,१७०. आणि गटाला दिलेलं व्याज गटातच राहतं, त्यात तुमचाही वाटा असतो.

इथं मी गटाच्या बाजूनेही बोलणार. कार्ड फेडायला अंतर्गत कर्ज द्यावं का, यावर गटांत वाद होतात. "तिनं टीव्ही घेतला, आमची बचत का द्यायची?" असं एखादी म्हणते आणि तिचंही चूक नसतं. माझं मत असं की हे कर्ज द्यावं, पण दोन गोष्टी इतिवृत्तात लिहून. एक, पैसे थेट कार्डाच्या बिलात भरायचे आणि पावती बैठकीत दाखवायची. दोन, कर्ज फिटेपर्यंत ते कार्ड वापरायचं नाही. कारण खरा धोका पुढेच असतो. गटाच्या पैशांनी कार्ड रिकामं झालं, की त्यावर पुन्हा खर्चाला जागा होते. दिवाळी येते, यात्रा येते, कार्ड पुन्हा घासलं जातं आणि ताईच्या डोक्यावर एकाऐवजी दोन कर्जं बसतात. त्यातलं एक दहा मैत्रिणींच्या बचतीतून आलेलं असतं.

आता बाकी शून्य आहे. पुढे?

इथं सिबिल येतं. बँका कर्ज देताना तुमच्या जुन्या व्यवहारांची नोंद बघतात, त्याचा गुण ३०० ते ९०० मध्ये असतो. जुनं, वेळेवर भरलेलं खातं त्यात चांगलं दिसतं. कार्डाची मर्यादा ४०,००० असून तुम्ही थोडीच वापरता, हेही चांगलं दिसतं. म्हणून शहरातले सल्लागार सांगतात, जुनं कार्ड बंद करू नका. त्यात तथ्य आहे. गटाचं बँक कर्ज गटाच्या नावावर असतं, तुमच्या एकटीच्या नावाची नोंद त्यातून दिसेलच असं नाही. काही जणींच्या नावावर बँकेतली एकमेव नोंद म्हणजे हे कार्डच असतं.

पण हा सल्ला डोळे झाकून घ्यायचा नाही. कार्ड बंद केलं म्हणून तुमची चांगली नोंद लगेच पुसली जात नाही, ती किमान सात वर्षं ठेवली जाते. शिवाय पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेनेही बँकांना सांगितलं आहे. त्यामुळे "कार्ड गेलं की सिबिल गेलं" ही भीती नको.

मी बैठकीत तीन गोष्टी विचारते. कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर तुमच्या हातात आहे का? वार्षिक फी आहे का? येत्या वर्षात स्वतःच्या नावावर बँकेचं कर्ज काढायचंय का?

समजा भूमकडची एक ताई खव्याची भट्टी चालवते. तिचं कार्ड सहा वर्षांचं आहे, फी नाही, बाकी नाही, फोन तिच्याच हातात, आणि मशीनसाठी ती बँकेत अर्ज करणार आहे. तिने कर्ज मंजूर होईपर्यंत तरी कार्ड ठेवावं. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यावरून मोबाईल रिचार्ज करावा आणि बिल आलं की पूर्ण भरावं. एक वर्षाहून जास्त काळ वापर झाला नाही, तर बँक तुम्हाला कळवून, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर ते बंद करण्याची प्रक्रिया करते. तिच्या बाबतीत व्याजदर ४२ असो की ५२, तो तिला लागतच नाही.

दुसरीचं कार्ड वार्षिक फीवालं आहे. फी समजा ४९९, जीएसटी धरून ५८९. वापर शून्य. तिने आधी बँकेला विचारावं, फी नसलेलं कार्ड बदलून मिळेल का? नाही म्हणाले तर बंद करावं. विसरलेल्या कार्डाची फी हीच पुढे डोकेदुखी होते. फी भरली नाही की उशिराचा दंड, आणि शेवटी सिबिलवर थकबाकी. बिल जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जात असतं, बाईला पत्ताच नसतो. मग ती शेळ्यांच्या कर्जासाठी बँकेत जाते तेव्हा साहेब स्क्रीनकडे बघून मान हलवतात.

तिसरीचं कार्ड तिच्या नावावर, पण वापरतो दुसराच. मुलगा, दीर, भाचा, कुणीही असो. माणूस चांगला असेलही. पण थकलं तर नोटीस तुमच्या नावाने येते, सिबिल तुमचं बिघडतं. हे कार्ड बंदच करा. घरात बोलायला जड जातं हे मला माहीत आहे. मी लग्न न झालेली, वयाने लहान, मला सांगायला काय जातं, असंही एक ताई म्हणाल्या. तरी सांगते. एकटीला बोलणं जमत नसेल तर सीआरपी ताईला सोबत घ्या. "बँक कर्जासाठी बंद करायला लागतंय" एवढं म्हटलं तरी बऱ्याच घरांत भागतं.

आणि चौथी, जिच्या हातात कार्ड असलं की खर्च थांबत नाही, तिने सिबिलचा विचारच करू नये. बंद करावं. हे सांगायला लाजू नका, अशी माणसं शिकलेल्या घरांतही भरपूर असतात.

बंद कसं करायचं

कात्रीने कापल्याने प्लास्टिक तुटतं, खातं चालूच राहतं. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. तसं जोडलेलं असेल तर कापलेल्या कार्डातूनही किराणा दुकानातल्या क्यूआर कोडवर पैसे जात राहतात. म्हणून खातंच बंद करायचं.

आधी त्यावरून आपोआप कटणारे हप्ते, रिचार्ज, विमा हे सगळं काढून घ्या. पूर्ण बाकी भरा. एक लक्षात ठेवा, पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येऊ शकतं. तेही भरा, नाहीतर पन्नास-शंभर रुपयांसाठी खातं अडून बसतं. मग कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर, बँकेच्या ॲपमधून किंवा ईमेलने बंद करायची विनंती करा आणि तिचा नंबर वहीत लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे बाकी काही नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे. उशीर झाला तर बँकेने तुम्हाला दर दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. हा नियम फोनवर नुसता बोलून दाखवला तरी काम पुढे सरकतं.

बाकी मोठी असेल तर वसुलीवाला म्हणेल, "१८ हजाराचे १० भरा, सेटलमेंट करू." ऐकायला गोड लागतं. पण सिबिलवर ते खातं "बंद" असं न दिसता "सेटल" असं दिसतं, आणि पुढची बँक त्याचा अर्थ "पूर्ण फेडलं नाही" असा घेते. अगदीच इलाज नसेल तरच तिकडे जा. पूर्ण फेडलंत तर थकबाकी नसल्याचं पत्र मागून घ्या आणि गटाच्या कागदांसोबत जपून ठेवा.

"कार्ड बंद करून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो चोर समजा. बंद करायला फोन आपण करायचा असतो, तिकडून येत नसतो. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

महिन्या-दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून खातं बंद दिसतंय का ते बघा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. पॅन कार्ड आणि चालू मोबाईल नंबर लागतो, बँक सखी काढून देईल. यासाठी कुणी दोनशे-तीनशे मागितले तर देऊ नका. अहवालात चूक असेल किंवा दुसरी काही तक्रार असेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्यांचा माहितीचा नंबर १४४४८. पुढच्या बैठकीला येताना कार्ड घरीच ठेवा, फक्त शेवटचं बिल घेऊन या. किमान रकमेतून मुद्दल किती फिटतंय, ते प्रत्येकीचं तिथंच बसून काढू.